पोटनिवडणूक मतदानाच्या आधीच जिंकली जाते

ग्रामपंचायतीच्या एखाद्या सभासदाचा मृत्यू होतो, कोणी राजीनामा देतो, कोणी अपात्र ठरतो, आणि जागा रिकामी पडते. काही महिन्यांनी पोटनिवडणूक लागते. वर्तमानपत्रांत तिची वार्ता चार ओळींत आटोपते, मोठे पुढारी तिकडे फिरकत नाहीत, आणि आपले लोकही म्हणतात, "एका जागेने काय होणार?" परंतु जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, तीच निवडणूक मतदार यादीच्या कागदावर जिंकणे सर्वांत सोपे असते. तेथे मतपेटी पळवावी लागत नाही की कोणाला दमदाटी करावी लागत नाही. दहा नावे घातली आणि दहा नावे काढली की काम भागते. म्हणून पोटनिवडणुकीच्या मतदार यादीचे नियम सुधारले पाहिजेत, आणि ही मागणी बौद्ध जनतेने संघटितपणे केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आपल्याशी संबंधित नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी महाडची आठवण ठेवावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो ठराव अंमलात आणण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. त्यानंतर काय झाले? 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव फिरवला! पुढे न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत 1937 साल उजाडले. तात्पर्य हे की, पाण्याचा हक्क एका स्थानिक सभेने हात वर करून दिला आणि हात वर करूनच काढून घेतला. त्या सभेत कोण बसतो, हे जो ठरवतो तोच पाणवठ्याचा धनी होतो.

आजही नळाची जोडणी, वस्तीचा रस्ता, दिवाबत्ती, स्मशानभूमीची जागा, घरकुलाची यादी, विहारासाठी मोकळी जमीन, या सर्व गोष्टी गावपातळीवरच अडतात किंवा सुटतात. ग्रामपंचायतीत कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 17 सभासद असतात. सातांच्या सभेत एक जागा म्हणजे बहुमत आणि अल्पमत यांतील अंतर होय. शिवाय आपल्या समाजाच्या वाट्याला पोटनिवडणूक येण्याचे एक विशेष कारण आहे. धर्मदीक्षा 1956 साली झाली, तरी बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या कायद्याने मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. तो दर्जा मिळाला, पण राखीव जागेवर निवडून आलेल्या सभासदाला जातवैधता प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत दाखल करावे लागते. कागदपत्रे जमवण्यात मुदत टळली की सभासदत्व जाते आणि त्याच जागेवर पुन्हा निवडणूक येते. आपला माणूस एकदा निवडून आला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि त्याच वेळी दुसरीकडे यादीचे काम सुरू झालेले असते.

आता हे काम कसे चालते ते पाहू. समजा, एका प्रभागात 300 मतदार आहेत आणि त्यांतील 240 जण मतदान करतात. एका उमेदवाराला 123 मते पडली आणि दुसऱ्याला 117. विजय सहा मतांचा. याच प्रभागात बाहेरगावच्या सात नातेवाइकांची नावे आधीच घातली गेली असती तर? किंवा बौद्धवस्तीतील सात नावे "गाव सोडून गेले" म्हणून कमी झाली असती तर? दोन्ही वेळा निकाल फिरला असता, आणि मतदानाच्या दिवशी सर्व काही शांततेत, कायद्याप्रमाणे पार पडले असते. लाखो मतदारांच्या मतदारसंघात सात नावे म्हणजे समुद्रातील थेंब. परंतु प्रभागात सात नावे म्हणजे सत्ता.

कायद्याची स्थिती अशी आहे. विधानसभेची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये तयार होते. स्थानिक संस्थांच्या निवडणुका मात्र 1994 साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो. या आयोगाची स्वतःची वेगळी यादी नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 12 प्रमाणे, राज्य आयोग जो दिनांक अधिसूचित करील त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादीच प्रभागाप्रमाणे फोडून वापरली जाते. नगरपालिकांच्या कायद्यांतही याच स्वरूपाची तरतूद आहे. प्रारूप यादीवर हरकती मागवतात, हे खरे. परंतु नाव दुसऱ्याच प्रभागात गेले, लेखनिकाची चूक झाली, किंवा विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागाच्या यादीतून गळाले, एवढ्याच तक्रारींचा तेथे विचार होतो. नवीन नाव घालण्याचा अधिकार तेथे नाही. मतदार एका कार्यालयात गेला की त्याला दुसऱ्याकडे पाठवतात, आणि दुसरीकडे गेला की "दिनांक उलटून गेला" असे सांगतात.

हा दिनांक मतदानाच्या किती आधीचा असू शकतो? 2025 साली महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरण्यात आली, आणि मतदान झाले 2 डिसेंबर रोजी. महानगरपालिकांसाठीही तीच यादी होती. तेथील मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. म्हणजे एकीकडे पाच महिने आणि दुसरीकडे साडेसहा महिने यादीचा दरवाजा बंद होता. विधानसभेच्या निवडणुकीत मात्र उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव घालता येते. विधानसभेला जो न्याय, तो गावाला का नाही? त्या सार्वत्रिक निवडणुका होत्या हे आम्ही जाणतो. परंतु पोटनिवडणुकीतही यादीचा दिनांक ठरवण्याची रीत हीच आहे.

या रीतीचा मुख्य दोष असा की, ती फक्त दिनांक पाहते. नाव कोणत्या कारणाने आले किंवा गेले हे पाहत नाही. वास्तविक यादीच्या दाराशी तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसे उभी असतात.

पहिला, नुकताच वयात आलेला तरुण किंवा तरुणी. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणणारी घटनादुरुस्ती 1989 साली अंमलात आली. पूर्वी वर्षातून एकच, 1 जानेवारी हा अर्हता दिनांक होता. 2021 च्या कायद्याने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख असे चार दिनांक दिले. वयात आलेल्या मुलाला वर्षभर ताटकळत ठेवू नये, हाच त्यामागील हेतू होता. स्थानिक निवडणुकीत जुनी यादी धरली की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. या तरुणाच्या नावात लबाडीला वाव कोठे आहे? त्याचा जन्म त्या गावचा, त्याचे घर त्या गावात, त्याचे वय दाखल्यावर लिहिलेले.

दुसरा, ज्याचे नाव चुकीने किंवा कपटाने काढले गेले तो. बीड, जालना, परभणी या भागांतील मजूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचीही तीच गत. घराला कुलूप दिसले की "स्थलांतरित" असा शेरा मारणे फार सोपे असते. परंतु 1950 च्या कायद्याचे कलम 20 स्पष्ट सांगते की, तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचाही सर्वसाधारण रहिवास संपत नाही. नाव काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे कलम 22 म्हणते. ज्याचे नाव यादीत आधीपासून आहे, त्याच्याविरुद्ध आक्षेप सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने लालबाबू हुसेन यांच्या खटल्यात 1995 सालीच सांगितले आहे. कायदा आपल्या बाजूने आहे. परंतु नोटीस कुलूप लावलेल्या दारावर डकवली जाते आणि ज्याला ती वाचावयाची तो शेकडो मैलांवर कोयता चालवीत असतो!

तिसरा, जागा रिकामी झाल्यावर एकाएकी "राहावयास आलेला" मनुष्य. यांत खरेही असतात. लग्न होऊन सासरी आलेली मुलगी खरोखरच त्या गावची झालेली असते. तिला रोखणे हा अन्याय होईल. पण एकाच घराच्या क्रमांकावर अचानक आठ-दहा नावे येतात, आणि निवडणूक झाल्यावर ती माणसे पुन्हा दिसत नाहीत, तेव्हा त्या रहिवासाला काय म्हणावे? केवळ गावात घर आहे एवढ्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, हेही कलम 20 मध्येच लिहिले आहे.

आजची रीत या तिघांना एकाच काठीने हाकते. दिनांक लवकरचा धरला तर पहिले दोघे बाहेर राहतात. दिनांक उशिराचा धरून तपासणी केली नाही तर तिसऱ्याचे फावते. ज्याच्या हाती गावची सूत्रे आहेत त्याला जागा कधी रिकामी होणार हे आधी कळते, त्याची नावे दिनांकापूर्वीच यादीत बसलेली असतात. आणि आपल्या वस्तीला दिनांकाचा पत्ता लागतो तो दिनांक उलटल्यावर. म्हणून केवळ तारीख पुढे-मागे करून भागणार नाही. नावाच्या कारणाप्रमाणे नियम वेगळा असला पाहिजे.

यात काही नवे किंवा परकीय नाही. मतदानाची पद्धत भगवान बुद्धाच्या संघाला ठाऊक होती. संघात मतभेद झाला की शलाका वाटून मत घेत. शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, हे विनयात सांगितले आहे: तो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकणारा नसावा, आणि कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे जाणणारा असावा. इतकेच नव्हे, तर सीमेच्या आतील जो भिक्खू आजारी असल्यामुळे येऊ शकत नसे, त्याची संमती आणल्याशिवाय सभा पूर्ण मानली जात नसे; अपुऱ्या संघाने केलेले कर्म रद्दबातल ठरे. ज्या धम्माने गैरहजर माणसाची इतकी बूज राखली, त्या धम्माच्या अनुयायांनी, ऊस तोडावयास गेलेल्या आपल्या बांधवाचे नाव त्याच्या पाठीमागे खोडले जात असता स्वस्थ बसावे काय?

आमच्या मागण्या चार आहेत.

पहिली. पोटनिवडणुकीसाठी मतदानापूर्वीच्या सर्वांत जवळच्या अर्हता दिनांकानंतरची यादी धरावी, आणि तो दिनांक येण्यापूर्वी किमान एक महिना गावात दवंडी देऊन व चावडीवर लेखी लावून जाहीर करावा. कलम 12 ने दिनांक ठरवण्याचा अधिकार आयोगाला दिलेलाच आहे. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

दुसरी. जे वयात आले आणि ज्यांचे नाव चुकीने काढले गेल्याचे सिद्ध झाले, त्यांच्यासाठी उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरवणी यादी निघावी. यासाठी कलम 12 मध्ये दुरुस्ती लागेल. ती विधिमंडळाने करावी.

तिसरी. जागा रिकामी झाल्यानंतर मृत्यूखेरीज अन्य कारणाने एकही नाव, प्रत्यक्ष हातात नोटीस पडल्याशिवाय व सुनावणी झाल्याशिवाय, काढू नये. काढलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहून ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वस्तीत लावावी. बिहारमध्ये 2025 साली प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे वगळली गेली, तेव्हा ती कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट रोजी दिला. 65 लाख नावे कारणांसह जाहीर होऊ शकतात, तर एका प्रभागातील पाच-पंचवीस नावे जाहीर करण्यास काय अडचण आहे?

चौथी. जागा रिकामी झाल्यानंतर दुसऱ्या गावाहून नाव हलवण्याचे जे अर्ज येतील, त्यांची घरी जाऊन पंचांसमक्ष तपासणी व्हावी आणि ती नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावीत. खरा रहिवासी या तपासणीला भिणार नाही.

"एवढे काम सरकारी यंत्रणेला झेपणार नाही," असा आक्षेप घेतला जाईल. संपूर्ण राज्याच्या यादीबद्दल तो कदाचित खरा असेल. परंतु पोटनिवडणूक एका प्रभागाची असते. तीनशे नावांची घरोघर तपासणी दोन माणसे आठवड्यात करू शकतात. म्हणूनच सुधारणेचा आरंभ पोटनिवडणुकीपासून करणे सर्वांत सोपे आहे. येथे ती यशस्वी झाली की सार्वत्रिक निवडणुकीलाही तोच कित्ता गिरवता येईल.

पण केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. आपल्यापैकी काहींची नावे मुंबई-पुण्याच्या यादीत आहेत आणि गावच्या यादीतही आहेत. "गावाशी संबंध राहावा" म्हणून हे केले जाते. हा कायद्याने निषिद्ध प्रकार आहे, आणि खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याहूनही मोठी गोष्ट ही की, ज्याने पंचशील घेतले त्याने चौथे शील मोडून मिळवलेले मत हे धम्माचे मत नव्हे. एका खोट्या नावामुळे विरोधकाला आपल्या पन्नास खऱ्या नावांवर आक्षेप घेण्यास निमित्त मिळते.

नवदीक्षित कुटुंबांना आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. धर्म बदलल्याने मतदार यादीतील नाव जाईल, अशी भीती कोणी घातल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणाने कोणालाही यादीतून वगळता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद 325 सांगते. यादीत धर्माचा रकानाही नसतो. मात्र दीक्षेनंतर ज्यांनी नाव किंवा आडनाव बदलले आहे, त्यांनी नमुना 8 भरून यादीतील नोंद वेळीच दुरुस्त करून घ्यावी. यादीत एक नाव, ओळखपत्रावर दुसरे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरे, अशी स्थिती राहिली तर "या नावाचा मनुष्य येथे राहत नाही" असा आक्षेप नमुना 7 वर नोंदवणे त्याच मतदारसंघातील कोणाही मतदाराला सोपे जाते. नवीन नावासाठी नमुना 6 आहे. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. निर्णय विरुद्ध गेला तर जिल्हाधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

प्रत्येक विहारात महिन्याच्या एका पौर्णिमेला, वंदनेनंतर, मतदार यादी वाचावी. कोण वारले, कोण वयात आले, कोणती सून नव्याने आली, कोण ऊसतोडीला गेले, याची नोंद एका वहीत असावी. बाहेर जाणाऱ्या मजुराने जाण्यापूर्वी आपला पत्ता व परतण्याचा महिना त्या वहीत लिहून जावे, म्हणजे नोटीस आली तर तिची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचेल व वेळेवर उत्तर देता येईल. हे काम शिकलेल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा मालमत्तेच्या अटीने अस्पृश्यांना मतदानापासून दूर ठेवले होते. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तो मिळण्यासाठी राज्यघटना यावी लागली. ज्या मतासाठी इतकी वर्षे झुंज दिली, ते मत आज कोणी उघडपणे हिरावून घेऊ शकत नाही. ते एका कारकुनी शेऱ्याने, एका कुलूपबंद दारावरच्या नोटिशीने आणि एका न कळवलेल्या दिनांकाने नाहीसे होते. मालमत्तेची अट गेली. तिची जागा या अदृश्य अटीने घेऊ नये, यासाठी सर्व बौद्ध जनतेने आपल्या गावच्या पुढील ग्रामसभेत वरील चार मागण्यांचा ठराव मांडावा, त्यावर सह्या घ्याव्यात आणि तो राज्य निवडणूक आयोगाकडे व आपल्या आमदारांकडे पाठवावा.

जय भीम!